विश्लेषण : कार्यालयातील प्रेमसंबंधांमुळे पद गेलेल्या साहेबांना पुन्हा तिथेच नोकरी द्यावी का?

नेस्ले कंपनीने १ सप्टेंबर २०२५ रोजी आपले मुख्य कार्यकारी अधिकारी लॉरां फ्रेक्स यांना तडकाफडकी पदावरून दूर केले. ते १९८६ पासून या कंपनीत होते. थेट हाताखाली काम करणाऱ्या सहकाऱ्याशी असलेले प्रेमसंबंध त्यांनी कंपनीपासून लपवून ठेवले, हे कारण दिले गेले. अशी बातमी आली की एक गट म्हणतो, दोन सज्ञान माणसांच्या खासगी आयुष्यात कंपनीने कशाला डोकवावे. दुसरा म्हणतो, असल्या माणसाला पुन्हा दारात उभे करू नये. मात्र ज्याच्याशी संबंध आहेत त्याची पगारवाढ, बढती आणि रजा जर साहेबच मंजूर करत असेल, तर ती गोष्ट त्या दोघांपुरती उरत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही तिची किंमत मोजावी लागते.

फणीश मूर्ती यांचे प्रकरण काय होते?

मराठी आयटीवाल्यांना हे नाव नवे नाही. इन्फोसिसची नोंदणी १९८१ मध्ये पुण्यात झाली आणि तिचे संस्थापक मुंबईच्या पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले. मूर्ती यांच्या कारकिर्दीत या दोन्ही कंपन्या येतात. इन्फोसिसचा अमेरिकेतील व्यवसाय वाढवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाई. मात्र एका माजी कर्मचारी महिलेने लैंगिक छळाचा दावा दाखल केल्यानंतर जुलै २००२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २००३ मध्ये हा दावा ३० लाख डॉलर देऊन न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला. इन्फोसिसने त्यांना परत घेतले नाही, पण बाजाराने घेतले. त्याच वर्षी ते आयगेटचे प्रमुख झाले आणि २०११ मध्ये आयगेटने सुमारे १२० कोटी डॉलरना पटनी विकत घेतली. ऐरोलीतील पटनीच्या कर्मचाऱ्यांचे साहेब आता मूर्ती होते.

२० मे २०१३ रोजी आयगेटने त्यांना काढून टाकले. कनिष्ठ सहकाऱ्याशी असलेले संबंध त्यांनी कळवले नाहीत, त्यामुळे कंपनीच्या धोरणाचा आणि नोकरीच्या कराराचा भंग झाला, असे कंपनीने सांगितले. छळविरोधी धोरणाचा भंग झाल्याचे तोवरच्या चौकशीत आढळले नाही, हेही त्याच निवेदनात होते. मूर्ती यांनी छळाचा आरोप फेटाळला.

त्यामुळे ‘एकदा संधी दिली म्हणून दुसऱ्यांदा घडले’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. एका ठिकाणी छळाचा दावा होता, दुसऱ्या ठिकाणी न कळवलेल्या संबंधांमुळे नोकरी गेली. दोन्हींना ‘लफडे’ म्हणून एकाच पोत्यात भरण्याची आपली सवय छळ सोसलेल्या बाईवर अन्याय करते आणि राजीखुशीने एकत्र आलेल्यांवरही.

इतरांना पुन्हा नोकरी मिळाली का?

बहुतेकांना मिळाली, पण दुसरीकडे. इंटेलचे ब्रायन क्रझानिच जून २०१८ मध्ये अशाच कारणाने गेले आणि नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या कंपनीचे प्रमुख झाले. मॅकडोनाल्ड्सच्या स्टीव्ह ईस्टरब्रूक यांना २०१९ मध्ये मोठी रक्कम देऊन निरोप दिला गेला. पुढे आणखी संबंध लपवल्याचे उघड झाल्यावर कंपनीने खटला भरला आणि डिसेंबर २०२१ मध्ये रोख व समभाग मिळून १० कोटी डॉलरहून अधिक त्यांच्याकडून परत मिळवले. संबंधांपेक्षा लपवाछपवी महाग पडली, ती अशी.

सरकारी नोकरीत नियम काय?

इथे शब्द नेमके वापरायला हवेत, कारण बातम्यांत ते सर्रास मिसळतात. निलंबन ही शिक्षा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फी’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. काढून टाकलेला कर्मचारी पुढे सरकारी नोकरीसाठी अपात्र ठरत नाही. बडतर्फ झालेला सर्वसाधारणपणे ठरतो. म्हणजे परतीची वाट उघडी ठेवायची की बंद करायची, हे शिक्षा देतानाच ठरवण्याची सोय नियमांत आहे. खासगी कंपन्यांनी ही शिस्त उचलायला हरकत नाही. काम दुसरीकडे मिळो, हाताखाली माणसे नसलेले पदही मिळो. पण ज्या माणसांचे मूल्यमापन त्याने बिघडवले, त्यांच्याच डोक्यावर पुन्हा बसवणे चूक आहे.

मालगुंडसारख्या गावात काय?

मुंबई-पुण्यात ‘दुसरीकडे’ म्हणजे पुढच्या चौकातली इमारत. केशवसुतांच्या मालगुंडमध्ये ते इतके सोपे नाही. शेजारच्या गणपतीपुळ्याच्या पर्यटनावर चालणारी छोटी हॉटेले आणि घरगुती निवास इथल्या अनेकांचा आधार आहेत, आणि अशा ठिकाणी व्यवस्थापक व कामगार मिळून पाच-सात माणसे असतात.

दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर कार्यस्थळी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार (९ डिसेंबर २०१३ पासून लागू) अंतर्गत समितीची सक्ती नाही. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची. घटनेपासून साधारण तीन महिन्यांची मुदत असते. राजीखुशीच्या संबंधांसाठी मात्र असा कायदा नाही. तिथे मालकाची मर्जी हाच नियम आणि नेमणुकीचे पत्र बहुधा नसतेच.

मग होते काय, तर व्यवस्थापक दोन महिने ‘गावी’ जातो आणि हंगाम लागला की परत गल्ल्यावर दिसतो. तिला मात्र कोणी परत बोलावत नाही. चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेने लेखी मागणी केली, तर तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करण्याची शिफारस समिती करू शकते. पण सात माणसांच्या हॉटेलाला दुसरी शाखा नसते. एकाने घरी बसायचे ठरलेच, तर कोणी बसायचे, हे आजही बहुतेक ठिकाणी मालक ठरवतो, आणि हंगामात त्याला व्यवस्थापकाची गरज झाडूपोछा करणाऱ्या बाईपेक्षा जास्त वाटते.