तबकडीवर उरलेला प्रयोग

फ्रान्सिस पूलांकच्या 'दियालोग दे कार्मेलीत' या ऑपेराचा शेवट ज्यांनी एकदा ऐकला आहे त्यांच्या कानातून तो सहसा जात नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वात, १७ जुलै १७९४ रोजी, काँपियेन्यच्या कार्मेलाइट मठातील सोळा स्त्रियांचा पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला. या घटनेवर गेर्ट्रूड फॉन ल फोर्टने १९३१ साली एक दीर्घकथा लिहिली, तिच्यावरून जॉर्ज बेर्नानोसने चित्रपटासाठी संवाद लिहिले आणि त्या संवादांवरून पूलांकने ऑपेरा रचला. तो १९५७ साली मिलानच्या ला स्कालामध्ये प्रथम रंगमंचावर आला. शेवटच्या प्रवेशात सगळ्या जोगिणी एकत्र गात असतात. वाद्यवृंदातून गिलोटिनचे पाते कोसळल्याचा आवाज येतो आणि एक स्वर कमी होतो. पुन्हा आवाज, पुन्हा एक स्वर कमी. हे आघात तालात येत नाहीत, अवेळी येतात, आणि म्हणूनच श्रोत्याला त्यांची सवय होत नाही. शेवटी भित्री म्हणून मठातून पळून गेलेली ब्लांश गर्दीतून पुढे येते आणि आपण होऊन त्या रांगेची शेवटची जागा घेते.

दमित्री चेर्नियाकोव्ह या रशियन दिग्दर्शकाने २०१० साली म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ऑपेरात हा ऑपेरा बसवला तेव्हा मठ नव्हता, जोगिणींचा वेश नव्हता आणि गिलोटिनही नव्हते. आजच्या साध्या कपड्यांतल्या काही बायका एका लाकडी खोपटात एकत्र राहत होत्या. शेवटच्या प्रवेशात त्या वायूने भरलेल्या खोपटात कोंडून घेतात. ब्लांश येते आणि त्यांना एकेक करून बाहेर ओढून काढते. पात्याचा प्रत्येक आघात ऐकू येतो, पण प्रत्येक आघाताला एक बाई वाचते. सगळ्या बाहेर आल्यावर ब्लांश पुन्हा आत जाते, स्फोट होतो आणि ती एकटीच मरते.

या प्रयोगाची डीव्हीडी निघाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. फ्रेंच कायद्यात लेखकाचा आपल्या कृतीवरचा नैतिक हक्क त्याच्या मृत्यूनंतरही संपत नाही, तो वारसांकडे जातो. पूलांक आणि बेर्नानोस या दोघांच्याही वारसांचे म्हणणे असे की या शेवटाने कृतीचा आत्माच बदलला. खालच्या न्यायालयाने त्यांचे ऐकले नाही. पॅरिसच्या अपील न्यायालयाने मात्र २०१५ साली ते मान्य केले आणि डीव्हीडीचे प्रकाशन थांबवण्याचा आदेश दिला. २०१७ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द ठरवला. शब्द आणि संगीत जसेच्या तसे आहे असे एकीकडे मान्य करायचे आणि तरीही कृती विकृत झाली असे म्हणायचे, ही विसंगती त्याने दाखवली. दिग्दर्शकाचे स्वातंत्र्य आणि लेखकाचा हक्क यांच्यात तोल शोधायला हवा होता, असेही म्हटले. २०१८ साली व्हर्सायच्या न्यायालयाने दिग्दर्शकाच्या बाजूने निर्णय दिला.

साहित्याच्या वर्गात 'लेखकाचा मृत्यू' ही बार्थची कल्पना शिकवताना मी हा खटला हटकून सांगतो. बार्थने १९६७ साली मारलेला लेखक फ्रेंच कायद्यात अजून चांगला धडधाकट आहे, हे ऐकून विद्यार्थी जरा जागे होतात.

माझे मत असे: तबकडीवर बंदी घालणे चूक होते, आणि तरीही वारसांची तक्रार मूर्खपणाची नव्हती. चेर्नियाकोव्हचा शेवट वरवर मनमानी वाटतो, पण त्याचे बीज संहितेतच आहे. पहिल्या अंकात मठाची वृद्ध प्रमुख अत्यंत भीतीत, जवळजवळ श्रद्धा गमावून मरते. दुसऱ्या अंकात कोन्स्तांस ही तरुण जोगीण त्यावर एक विलक्षण तर्क लढवते: त्या बाईंना चुकून दुसऱ्याच कुणाचे मरण मिळाले असेल आणि त्या दुसऱ्या कुणाला आपले मरण अनपेक्षितपणे सोपे जाईल. मरणाची ही अदलाबदल बेर्नानोसच्या नाट्याचा गाभा आहे. सगळ्यांच्या वाट्याचे मरण ब्लांश एकटी उचलते, हा चेर्नियाकोव्हचा शेवट त्या गाभ्याचेच एक टोकाचे वाचन आहे. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने हा अर्थ निबंधात मांडला असता तर आपण त्याला शाबासकी दिली असती.

पण निबंध आणि प्रयोग यांत फरक आहे. या स्त्रियांनी बलिदानाची शपथ एकत्र घेतलेली आहे. त्यांना वाचवणे म्हणजे त्यांचा निर्णय त्यांच्या हातातून काढून घेणे होय. शिवाय पूलांकचे स्वर मेलेल्यांची मोजणी करतात आणि रंगमंच वाचलेल्यांची. या विसंगतीत काही क्षण भेदक उपरोध आहे, हे खरे. माझ्यासाठी तो तीन-चार आघातांपुरता टिकतो. पुढे संगीत मृत्यूकडेच जात राहते आणि चित्र सुटकेच्या कथेत अडकून पडते. रॉबर्ट कार्सनने याच ऑपेराचा जो प्रयोग ला स्कालात बसवला (वाद्यवृंद-संचालक रिकार्दो मूती, मुद्रण २००४) त्यातही गिलोटिन दिसत नाही. स्त्रिया हातांच्या संथ हालचाली करत उभ्या असतात आणि आघातासरशी एकेक जण जमिनीवर निजते, एवढेच. तिथे संहितेतली रंगसूचना मोडली आहे, तरी स्वर आणि शरीर एकाच दिशेने जातात. 'परंपरेला सोडून' हा एकच शिक्का या दोन्ही प्रयोगांवर मारणाऱ्यांना म्हणूनच मी गंभीरपणे घेऊ शकत नाही.

आता तबकडीकडे येतो. रंगभूमीवरचा प्रयोग अनेकांतला एक असतो. म्युनिकच्या प्रेक्षकाने आधी चार वेळा हा ऑपेरा पाहिलेला असू शकतो. पाचवा त्याला आवडला नाही तर तो सहाव्याची वाट पाहील. आपल्याकडची स्थिती निराळी आहे. 'ऑपेरा हाउस' हे मुंबईकराला पिढ्यान्‌पिढ्या एका परिसराचे नाव म्हणून ठाऊक आहे; पूलांकचा ऑपेरा तिथे पाहायला मिळेल अशी आशा कुणी धरू नये. आपण हे सारे तबकडीवर पाहतो आणि बहुधा एकदाच, एकाच प्रयोगात. मग तो प्रयोगच आपल्यासाठी मूळ कृती होऊन बसतो. ब्लांशने सगळ्यांना वाचवले असे मनापासून सांगणारा वाचक मला भेटला आहे, आणि त्याला दोष देणे अवघड होते.

यावर 'नवख्यांना पारंपरिक प्रयोगच दाखवा' असा सल्ला दिला जातो. तो मला पटत नाही, कारण 'पारंपरिक' म्हणजे काय याचा इतिहास गमतीदार आहे. व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'चेच पाहा. धाकट्या द्यूमाची कादंबरी १८४८ ची, तिचे नाट्यरूप १८५२ चे, ऑपेराचा पहिला प्रयोग व्हेनिसमध्ये ६ मार्च १८५३ रोजी झाला. व्हेर्दीला ही समकालीन गोष्ट समकालीन वेशातच हवी होती. अधिकाऱ्यांच्या आग्रहामुळे ती १७०० च्या सुमाराच्या वेशात करावी लागली. म्हणजे आज ज्याला आपण आधुनिक वेशातला आगाऊपणा म्हणतो तो या ऑपेराच्या रचनाकाराचा पहिला हट्ट होता, आणि जुना वेश ही सेन्सॉरची सोय होती. विली डेकरने २००५ साली झाल्त्सबुर्गला केलेला प्रयोग (आना नेत्रेब्को, रोलांदो वियाझोन) व्हेर्दीच्या त्या हट्टाच्या अधिक जवळचा आहे. पांढरी वक्राकार भिंत, एक अवाढव्य घड्याळ, लाल सोफा, लाल झगा, एवढेच नेपथ्य. दुसऱ्या अंकात सुखाचे दिवस फुलाफुलांच्या कापडाने झाकलेले असतात; ती कापडे निघतात तेव्हा खाली तोच सोफा असतो. क्षयाने मरणाऱ्या नायिकेला पलंगसुद्धा दिलेला नाही. मला तो पलंग आठवलाही नाही.

याच्या मागे जाऊन पाहायचे तर बायरॉइटचा १९७६ चा 'रिंग' आहे. वाग्नरच्या नाट्यचक्राच्या शताब्दीला पात्रीस शेरोने ऱ्हाइन नदीवर जलविद्युत धरण बांधले आणि देवांना एकोणिसाव्या शतकातले कोट चढवले. पहिल्या वर्षी शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला, १९८० साली अखेरच्या प्रयोगाला टाळ्या थांबेनात. वास्तविक, या चक्रात भांडवलशाहीची कथा वाचण्याचे काम बर्नार्ड शॉने १८९८ सालीच करून ठेवले होते. शेरोने त्या वाचनाला लोखंड आणि काँक्रीट दिले. हा प्रयोग १९७९-८० मध्ये ब्रायन लार्जने चित्रित केला, तोही प्रेक्षकांशिवाय. जगाची राखरांगोळी झाल्यावर रंगमंचावरचा जमाव वळतो आणि समोर बघत उभा राहतो. नाट्यगृहात ती नजर हजारो लोकांवर विखुरली जात असणार. घरी ती आपल्या एकट्यावर येते. इथे तबकडीने प्रयोगाला काही दिले आहे, हे मान्य केले पाहिजे. एरवी कॅमेरा घेण्याचेच काम जास्त करतो. गाणाऱ्याच्या तोंडाचे समीपदृश्य दाखवायचे आणि दिग्दर्शकाने कोपऱ्यात उभे केलेले माणूस गाळायचे, हे दर दुसऱ्या मुद्रणात घडते.

पीटर सेलर्सच्या 'डॉन जोव्हानी'बद्दल एकच सांगतो. मोत्सार्टचा हा सेव्हिलचा उमराव त्याने न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममध्ये आणला, आणि मालक व नोकर या भूमिका खऱ्याखुऱ्या जुळ्या भावांना, यूजीन आणि हर्बर्ट पेरी यांना, दिल्या. कपड्यांच्या अदलाबदलीचा जुना विनोद तिथे विनोद राहत नाही. कोण कुणाचे पाप फेडतो, हे समीपदृश्यातही कळत नाही. बाकी सेलर्सच्या अनुकरणात निघालेल्या बंदुका, सूटकेसी आणि स्नानगृहे यांच्याबद्दल लिहिण्यात जागा घालवत नाही. उपशीर्षकात तलवार आणि हातात पिस्तूल, हे तीनदा पाहिले की चौथ्यांदा फक्त कंटाळा येतो.

वर्गात मी पूलांकचा शेवट आधी नुसता ऐकवतो, संहिता हातात देऊन. मग कार्सन, मग चेर्नियाकोव्ह. गेल्या खेपेला एका विद्यार्थिनीने चेर्नियाकोव्ह पाहून झाल्यावर विचारले, 'सर, आघात मोजत होतो, पण तो कुणासाठी होता?' तिला उत्तर देण्याऐवजी मी पडदा बंद केला आणि नुसता आवाज पुन्हा लावला. हे सगळे एका तासिकेत बसत नाही. दोन जोडून घ्याव्या लागतात, आणि मधली सुट्टी द्यायची नसते.