लहान छेदाचा मोह

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. पुरुषात ती ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली की शस्त्रक्रियेचा विषय निघतो. पण १० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला, वरून हाताला धडधडणारा फुगा ही वेगळीच जात. त्रिज्या वाढेल तसा भिंतीवरचा ताण वाढतो आणि भिंत मात्र विरत जाते. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७ सेंटिमीटर वा अधिक मोठ्या फुग्यांपैकी जवळपास एकतृतीयांश वर्षभरातच फुटले. तेव्हा ‘बघू पुढे’ म्हणायला इथे फारशी जागा नाही. प्रश्न उरतो तो पोट उघडायचे की जांघेतून स्टेंट सरकवायचा, एवढाच. आणि अशा फुग्यांत पोट उघडण्याला जुनाट म्हणून बाजूला सारणे मला चुकीचे वाटते.

स्टेंटची बाजू कच्ची नाही. ब्रिटनच्या ‘ईव्हार-१’ चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू स्टेंटनंतर १.७ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेनंतर ४.७ टक्के होते. मात्र ८ वर्षांनंतर पारडे फिरले. स्टेंटवाल्यांत मृत्यू वाढले, आणि त्यामागे स्टेंट बसवूनही पुढे फुटलेले फुगे होते. शिवाय त्या चाचणीतले फुगे सरासरी साडेसहा सेंटिमीटरच्या आसपासचे, आणि स्टेंट बसेल अशी मान असलेले. मूत्रपिंडाच्या धमन्यांखालची ही मान म्हणजे स्टेंटची पकड. महाकाय फुग्यात ती बहुधा आखूड आणि वाकडी झालेली असते. पकडच सैल, तर छेद लहान असून काय उपयोग?

उघड्या शस्त्रक्रियेत वर चिमटा लावून पिशवी उभी चिरतात, आतली पापुद्र्यापापुद्र्यांची जुनी गुठळी ओंजळीने काढतात, पाठीकडून उलट्या वाहणाऱ्या धमन्यांची तोंडे टाक्यांनी मिटतात आणि डॅक्रॉनची नळी शिवतात. मग त्याच पिशवीची भिंत नळीवर पांघरायची, आतडे घासू नये म्हणून. हे काम कष्टाचे आहे. हृदय-फुप्फुसे थकलेल्या माणसाला ते झेपणार नाही, हा आक्षेप खराच. पण अशांना स्टेंटने तारावे, तर ‘ईव्हार-२’ चाचणीत एकूण आयुर्मान वाढलेले दिसले नाही. २०२० साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही झेपणाऱ्या रुग्णाला आधी उघडी शस्त्रक्रियाच देऊ करा, असे सांगितले. अडचण हातांची आहे: स्टेंटवरच शिकलेल्या पिढीने असा चिमटा किती वेळा लावलेला असतो? म्हणून हे मोजके रुग्ण निवडक केंद्रांतच पाठवावेत, फुटायच्या आत.