पेशींना सांभाळणारं प्रोटीन कॅन्सरलाही का सांभाळतं?

लग्नानंतर नवरीसोबत सासरी पाठराखीण जाते आणि नव्या घरात तिला सांभाळून घेते. आपल्या पेशींमध्येही प्रोटीन्सच्या अशा पाठराखिणी असतात. त्यांना 'मॉलिक्युलर शॅपेरोन' म्हणतात. त्यातलंच एक आहे एचएसपी९०.

एचएसपी९० काय करतं?

पेशीत प्रोटीन तयार होतं, तेव्हा ती एक लांब साखळी असते. तिची घडी नीट बसली तरच ते काम करतं, नाहीतर पेशी ते मोडीत काढते. घडी बसवायला आणि टिकवायला शॅपेरोन मदत करतात. एचएसपी म्हणजे 'हीट शॉक प्रोटीन'. उष्णतेसारखा ताण आला की पेशी ही प्रोटीन्स जास्त प्रमाणात बनवते.

मग कॅन्सरशी संबंध काय?

कॅन्सरच्या पेशींतल्या जनुकांमध्ये बिघाड झालेले असतात. त्यातून बनणारी अनेक प्रोटीन्स अस्थिर असतात. एचएसपी९० त्यांनाही सावरतं. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये गाठ वाढवणारं एचईआर२ हे प्रोटीनही त्याच्यावरच अवलंबून असतं. म्हणजे एचएसपी९० शत्रू नाही, कॅन्सर त्याचा गैरफायदा घेतो.

मग ते बंदच का करत नाहीत?

प्रयत्न झाले. जेल्डानामायसिन हे रसायन एचएसपी९०ला रोखतं, हे १९९४ मध्ये समजलं. पण ते यकृतासाठी घातक होतं. पुढे गॅनेटेस्पिब या औषधाची फुफ्फुसाच्या कॅन्सरवरची मोठी चाचणी फायदा दिसत नसल्यानं २०१५ मध्ये थांबवावी लागली.

अडचणी दोन आहेत. निरोगी पेशींनाही एचएसपी९० लागतं, त्यामुळे दुष्परिणाम होतात. शिवाय ते रोखलं की पेशी एचएसपी७० हे दुसरं शॅपेरोन वाढवते आणि तग धरते.

एकही औषध आलं नाही का?

आलं. जून २०२२ मध्ये जपाननं पिमिटेस्पिबला मंजुरी दिली. ते 'जिस्ट' या पचनसंस्थेतल्या दुर्मिळ कॅन्सरसाठी आहे, तेही आधीची औषधं निकामी ठरल्यावर. ८६ रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचा आजार वाढण्याआधीचा काळ २.८ महिने होता, तर औषधाविना १.४ महिने.

१९९४ ते २०२२, म्हणजे २८ वर्षं आणि हाती आला साधारण दीड महिना. पर्याय संपलेल्या रुग्णासाठी तोही मोलाचा आहे. पण 'कॅन्सरचं प्रोटीन सापडलं, आता इलाज पक्का' अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ते प्रोटीन निरोगी पेशींनाही लागतं का?