‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’ म्हणजे काय? शब्द असा फोडा!

संत तुकाराम नगरात ‘वायसीएम’सारखं मोठं रुग्णालय आहे. केसपेपर घेऊन धावणाऱ्या नातेवाइकापुढे अशा ठिकाणी ‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’ आलं तर?

उच्चारासाठी 9 तुकडे करा : ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-लॉ-जी. जीभ वळेल, अर्थ मात्र लागणार नाही. अर्थाचे तुकडे 4 आणि मुळात ग्रीक : ओटो म्हणजे कान, रायनो नाक (गेंडा ‘रायनो’ झाला तो नाकावरच्या शिंगामुळे), लॅरिंगो स्वरयंत्र, लॉजी शास्त्र. म्हणजे आपलं कान-नाक-घसा, तेही त्याच क्रमाने!

‘विद्यालय’ची फोड विद्या + आलय अशी शाळेतच शिकवतात. मग इंग्रजीच्या तासाला नुसतं स्पेलिंग पाठ का? मीही इंजिनीअरिंगपर्यंत घोकतच आलो. आणि रुग्णालयाच्या पाटीवर ‘कान-नाक-घसा’ आधी हवं, तेही मोठ्या अक्षरांत.