पुलाच्या पोटात काय आहे?

पावसाळ्याच्या तोंडावर पुलांची पाहणी करण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. अभियंता येतो, भेगा दिसल्या तर टिपतो, आणि पूल वाहतुकीस योग्य ठरतो. महाडजवळील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला व एस. टी.च्या दोन गाड्या पुरात गेल्या. त्याचीही पाहणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेली होती. पाहणाऱ्याने हयगय केली असे आम्ही म्हणत नाही. जे डोळ्यांना दिसूच शकत नाही त्याची ग्वाही डोळ्यांकडून मागितली जाते, हे खरे दुखणे आहे.

बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जावयाचे तर पूर्णा ओलांडावी लागते, आणि पूर्णेचे खोरे म्हणजे खोल गाळाची भूमी. पुराने खांबाच्या बुडाशी किती माती खरवडून नेली, हे कठड्यावरून वाकून कसे कळावे?

कुंभाराकडचे मडके आपण वाजवून घेतो. पुलालाही असाच स्वतःचा नाद असतो. वाहनांच्या जाण्याने तो थरथरतो, आणि पाया उघडा पडला की ती थरथर मंदावते. जपानमध्ये रेल्वेपुलांच्या खांबांवर वजनाचा आघात करून हा नाद तपासतात. थरथर मोजणे तुलनेने सोपे. तीवरून दोष नेमका कोठे आहे हे हुडकणे अवघड. येथे उत्क्रांतीच्या तत्त्वावर चालणारी गणनपद्धती उपयोगी पडते. अमेरिकेतील जॉन हॉलंड यांनी १९७५ साली ग्रंथरूपाने तिचा पाया घातला. संगणक प्रथम शेकडो कल्पित पूल मांडतो. कोणाचा खांब दुबळा, कोणाचा पाया सैल. मोजलेल्या थरथरीशी ज्यांचा मेळ बसतो ते राखावयाचे, त्यांचे गुण परस्परांत मिसळावयाचे, क्वचित एखादा बदल सोडावयाचा, आणि पुढची पिढी काढावयाची. चांगली कणसे बियाण्यासाठी राखणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मात्र दोन भिन्न दोषांचा नाद सारखाच येऊ शकतो. वऱ्हाडच्या उन्हानेही तो बदलतो. संगणकाचे उत्तर हा निकाल नव्हे. कोठे खणून पाहावे, एवढेच ते सांगते.

शिवाय गणिताला आधी नोंद हवी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, तेव्हा हादरा टिपणारे यंत्र धरणातच बसविलेले होते. म्हणूनच देशोदेशीचे अभियंते आपली गणिते आजही कोयनेवर पडताळून पाहतात. आपल्या जिल्ह्यातील पुलांपैकी कितींच्या धडधाकट अवस्थेची अशी नोंद दप्तरी असेल?

शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पूर्णेवरील पुलांची थरथर पावसाळ्यापूर्वी आणि पुरानंतर मोजण्याचे काम बांधकाम खात्याने तेथील अध्यापक व विद्यार्थ्यांकडे सोपवावे, आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत, आणि खात्याच्या अभियंत्याने त्यांवर सही करावी. आरंभी एकच पूल घेतला तरी चालेल. पण तो येत्या मृगापूर्वी घ्यावा.