जिवंत तार म्हणे!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बातम्या नेटवर वाचत असाल तर एक वाक्य एव्हाना पाठ झालं असेल : 'शेताच्या कुंपणात सोडलेल्या जिवंत विद्युत तारेचा स्पर्श होऊन मृत्यू.' कधी वाघ, कधी बिबट्या, कधी रात्री पाणी बघायला गेलेला शेजारचाच शेतकरी. मरणारा बदलतो, वाक्य तेच. मेला तो मेला, आणि जिवंत कोण, तर तार!

हे विशेषण आपण इंग्रजी 'लाइव्ह'वरून उचललं. इंग्रजीत ते धगधगत्या निखाऱ्याला लागतं, दारूगोळ्याला लागतं, विजेच्या तारेला लागतं आणि टीव्हीवरच्या मॅचलाही. मराठीत 'जिवंत झरा' आधीपासून होताच. गणपतीतला 'जिवंत देखावा'ही चालेल, तिथे निदान खरी माणसं उभी असतात. २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची सरकारी मोहीम निघाली, तिचं नाव 'जिवंत सातबारा'. तेही गोड आहे. पण 'जिवंत काडतूस' आणि 'जिवंत तार' म्हणजे डिक्शनरी उघडून पाडलेली भाषांतरं.

भाषाशुद्धी वगैरे गेली खड्ड्यात. मी स्वतः दिवसभर 'गो-लाइव्ह' करतो. माझं भांडण कर्त्यावरून आहे. आमच्याकडे कुठलीही सिस्टीम आपोआप लाइव्ह होत नाही. कुणी केली, किती वाजता, कुणाच्या अप्रूव्हलने, सगळं लॉगमध्ये असतं. 'जिवंत तार' म्हटलं की लॉगच डिलीट. जणू ती बांधावर उगवली आणि जिवंत झाली! तिकडे गावात साधं म्हणतात, 'करंट लावला.' दोन शब्द, आणि लावणारा त्यात आपसूक येतो.

एप्रिल २०१७ चं उदाहरण घ्या. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा मुलगा 'श्रीनिवास' नागभीड तालुक्यात एका शेतात मेला. गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे आमच्या भाषेत लाइव्ह ट्रॅकिंग! रानडुकरांसाठी करंट लावला होता, त्यात वाघ सापडला. शेतकऱ्याने घाबरून त्याला शेतातच पुरलं. नंतर अटक झाली.

आता इथे आपल्यातले पुण्या-मुंबईचे वाघप्रेमी लगेच 'फाशी द्या' म्हणतील. जरा थांबा. डुकरांचा एक कळप एका रात्रीत उभा धान झोपवतो. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही आहेत. पंचनामा, कागद, हेलपाटे, आणि मग भरपाई. तोवर माणूस खांबावर आकडा टाकतो आणि एक उघडी तार शेताभोवती फिरवतो. गुन्हा आहेच, वीजचोरीचा आणि वन्यजीव कायद्याचा, दोन्ही. पण तो का केला हेही त्या 'जिवंत'खाली गाडलं जातं.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, कप्पाळ) यावर तोडगा आहे. घरची लाइन २३० व्होल्टची, पण तिचा करंट सलग वाहतो. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, ओल्या बांधीत तर विचारूच नका. बाजारात मिळणारं सोलरवरचं झटका मशीन काही हजार व्होल्ट देतं, पण सेकंदाला साधारण एकदा आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ. जनावर दचकून पळतं, मरत नाही. या कुंपणासाठी सरकारी अनुदानाच्या योजनाही आहेत. 'जिवंत' विशेषण दोन्ही तारांना सारखंच लागतं, म्हणजे मारणारी कुठली आणि हुसकावणारी कुठली, हा फरकसुद्धा गेला.

तेव्हा बातमीदार मंडळी, पुढच्या वेळी 'करंट लावला होता' असं लिहा. कुठल्या लाइनवरून, तेही लिहा. आणि त्या शेतकऱ्याने झटका मशीनसाठी अर्ज केला होता का, केला असेल तर तो कुठल्या टेबलावर आहे, हेही जरा विचारा.