प्रवास कीं हजेरीपट ?

युरोपांत शिकावयास गेलेल्या आपल्या मुलामुलींचा एक नवा परिपाठ आतां पुष्कळ घरांत परिचयाचा झाला आहे. तेथील विद्यापीठास वसंतांतील सुटी लागली, कीं चार-पांच स्नेही मिळून स्वस्त विमानाचीं तिकिटें काढतात आणि भूमध्य समुद्राच्या परिसरांतील ऐतिहासिक शहरें पाहावयास निघतात. दहा दिवसांत बार्सिलोना, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, अथेन्स, आणि जमल्यास वाटेंत पाँपेई ! घरीं छायाचित्रें येतात, आईबाप तीं कौतुकानें शेजाऱ्यापाजाऱ्यांस दाखवितात, आणि मुलानें जग पाहिलें असें सर्वांस वाटतें. आमचें म्हणणें असें कीं, त्यानें जग पाहिलें नाहीं. जगाच्या हजेरीपटावर सही मात्र केली.

प्रारंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. विद्यार्थ्यानें प्रवास करणें ही पैशाची उधळपट्टी आहे, असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. प्रवासास विद्यार्थिदशेइतकें योग्य वय दुसरें नाहीं. श्रीमंत व्यापाऱ्याजवळ द्रव्य असतें, पण वेळ नसतो. विद्यार्थ्याजवळ द्रव्य नसतें, पण वेळ, चालण्याचें बळ आणि कुतूहल हीं तिन्ही असतात. आमची तक्रार एवढीच कीं, ज्याच्याजवळ वेळाची संपत्ति आहे तोच घाईंत असलेल्या व्यापाऱ्यासारखा वागतो.

या घाईनें काय हातचें जातें तें पाहा. अथेन्सचा पार्थेनॉन घ्या. इ. स. पूर्वीं ४४७ मध्यें बांधावयास घेतलेलें अथीना देवीचें हें मंदिर पुढें ख्रिस्ती चर्च झालें, तुर्कांच्या अमदानींत मशीद झालें, आणि १६८७ मध्यें व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आंत सांठविलेल्या दारूगोळ्यावर पडून त्याचा मध्यभाग उडाला. उरलेल्या शिल्पांपैकीं पुष्कळ लॉर्ड एल्गिननें विलायतेस नेलीं. १८१६ मध्यें ब्रिटिश सरकारनें तीं विकत घेतलीं, आणि तीं अद्यापि लंडनलाच आहेत. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर टेकडीवरील मशीद, तुर्की घरें आणि मध्ययुगीन मनोरा हीं सारीं पाडण्यांत आलीं. मनोऱ्याची पाळी १८७५ मध्यें आली. म्हणजे छायाचित्रांत जें निर्भेळ 'प्राचीन ग्रीस' दिसतें, तें पुष्कळ अंशीं एकोणिसाव्या शतकानें केलेली निवड आहे. कोणत्या काळाचा इतिहास राखावा आणि कोणत्या काळाचा खरवडून टाकावा, हा प्रश्न आपल्या देशासहि अपरिचित नाहीं. तो त्या टेकडीवर उभा राहून विचारतां येण्याची संधि ज्याला मिळाली, त्यानें ती स्वतःचें छायाचित्र काढण्यांत दवडावी, याला काय म्हणावें ?

रोमचीहि तीच कथा. कोलोसिअमसमोर तासन् तास रांगेंत उभे राहणारे तरुण तेथून थोड्याच पावलांवर असलेल्या सान क्लेमेन्ते या चर्चमध्यें क्वचितच डोकावतात. तेथें वर बाराव्या शतकांतील चर्च आहे. जिना उतरलें कीं चौथ्या शतकांतील चर्च लागतें. आणखी खालीं गेलें कीं प्राचीन रोमन इमारतींचे अवशेष व मिथ्र देवतेचें पूजास्थान दिसतें. एका जागेवर इतिहासाचे तीन मजले ! जें शिकावयास ग्रंथांचीं शेंकडों पानें चाळावीं लागतात, तें येथें दोन जिने उतरून समजतें.

यावर आक्षेप येईल कीं, सुटी थोडी, पैसा बेताचा, आणि पुन्हा येणें घडेल कीं नाहीं कोणास ठाऊक; मग मिळेल तेवढें पाहून घ्यावें यांत चूक ती कोणती ? आक्षेप प्रामाणिक आहे, पण हिशेब उलटा आहे. घाई स्वस्त नसते. प्रत्येक नव्या शहराबरोबर विमानतळाचें जाणें-येणें, सामानाचें भाडें आणि अर्धा दिवस खर्चीं पडतो. उलट, एके ठिकाणीं राहणाऱ्यास पुष्कळ गोष्टी फुकट मिळतात. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्यें काराव्हाज्योचीं संत मॅथ्यूविषयींचीं तीन थोर चित्रें एक पैसाहि न देतां पाहतां येतात. आणि पुन्हा येणें घडणार नसेल, तर एक शहर नीट पाहण्यास तेंच अधिक सबळ कारण आहे.

दुसरी बाजू त्या शहरांत राहणाऱ्या लोकांची. १९५१ मध्यें व्हेनिसच्या जुन्या शहरांत सुमारें पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्यें ती संख्या पन्नास हजारांच्या खालीं गेली. एप्रिल २०२४ पासून त्या शहरानें गर्दीच्या ठराविक दिवशीं बाहेरच्या पाहुण्यांवर पांच युरोंचा प्रवेशकर बसविला. मात्र शहरांत रात्रीं मुक्काम करणाऱ्यास तो माफ केला. या नियमांतील मर्म आमच्या तरुणांनीं लक्षांत घ्यावें. सकाळीं येऊन संध्याकाळीं जाणारा पाहुणा शहरास भार वाटतो; राहणारा तितका वाटत नाहीं.

आणि या प्रवासांत आपल्या मुलांचें स्वतःचेंहि कांहीं हरवतें. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेईंत १९३८ सालीं एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. ती भारतीय घडणीची आहे, आणि नेपल्सच्या संग्रहालयांत ठेविलेली आहे. जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ति उत्खननांत मिळाल्यामुळें ती दख्खनमधूनच तिकडे गेली असावी, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठणचें नांव आहे, आणि तेथून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाचेंहि वर्णन आहे. पण पाँपेई दोन तासांत उरकून पुढची गाडी गांठणारा मराठी विद्यार्थी नेपल्सच्या संग्रहालयाच्या दारावरून तसाच निघून जातो !

मग करावें काय ? मित्रमंडळ मोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. उलट त्याचाच उपयोग करावा. चौघे निघाले असतील तर निघण्यापूर्वीं प्रत्येकानें एकेक स्थळ वांटून घ्यावें, त्याविषयीं वाचावें, आणि तेथें पोंचल्यावर इतरांस समजावून सांगावें. सहा शहरांऐवजीं दोन घ्यावीं. सिसिलींतील सिराक्यूससारखें एखादें शहर निवडावें. तेथील मुख्य चर्चच्या भिंतींत अथीनेच्या मंदिराचे प्राचीन खांब अजून उभे दिसतात, आणि इ. स. पूर्वीं ४१३ मध्यें पराभूत झालेल्या अथेन्सच्या सैनिकांस ज्या दगडी खाणींत डांबलें होतें, त्या खाणींतून आज हिंडतां येतें.

आईबापांसहि आमची एक सूचना आहे. मुलगा किंवा मुलगी परत आल्यावर 'किती शहरें झालीं ?' असें विचारूं नये; त्या प्रश्नानेंच मुलांना हजेरीपटाची संवय लागते. एकाच शहराविषयीं तासभर बोलावयास सांगावें. बोलतां आलें तर पैसा सत्कारणीं लागला असें समजावें. न आलें तर पुढच्या सुटीपूर्वीं तिकिटाआधीं पुस्तक घेऊन द्यावें.